चार तारांचा संसार

“अहो, तारा चारच? दोन तुटल्या वाटतं!” बेस गिटार घेऊन घोटीत उतरलो, त्या दिवशी शेजारच्या काकूंनी विचारले. काय सांगणार? लिओ फेंडरने १९५१ साली अमेरिकेत ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला, त्यालाही चारच तारा होत्या. सूर मात्र गिटारपेक्षा सप्तकभर खाली. कानाआधी पोटाला कळणारे.

पहिला महिना बोटांना फोड. नवशिक्यांनो, पंधराच मिनिटे वाजवा, पण रोज! घोटीचा पाऊस आपण जाणताच. श्रावणात वाद्याची मान वाकली, तारा उंच चढल्या, दाबता दाबता बोटे सोलली. विकायलाच काढले होते. एका जाणत्या गृहस्थाने मानेतली सळी पाव फेरा आवळून दिली. एका वेळी पावच हं. अधिक पिळाल तर मान मोडेल.

“तुमचं काही ऐकूच येत नाही,” ही सौ.ची नेहमीची तक्रार. गणेशोत्सवात रंगात आलेल्या गाण्यात माझा पाय वायरवर पडला नि ती निसटली. ढोलकी चालू, गायक चालू. कोणाला कळले नसेल, असे वाटले. घरी येताच सौ. म्हणाली, “मधेच गाणं पोकळ का झालं हो?”

तेव्हापासून वायर आधी खांद्याच्या पट्ट्यातून ओवून घेतो, मगच वाद्यात खोचतो.