शूटर (२००७): सापळ्यात अडकलेला स्नायपर

निवृत्त मरीन स्नायपर बॉब ली स्वॅगरला गळ घातली जाते: राष्ट्राध्यक्षांवर हल्ला होणार आहे, मारेकरी कुठून नेम धरेल ते तूच शोध. तो शोधून देतो, आणि फिलाडेल्फियात गोळी सुटताच आळ त्याच्याच माथी! मरतो मात्र इथिओपियाचा आर्चबिशप. खरं लक्ष्य तोच होता.

दिग्दर्शक अँटवान फुक्वा, नायक मार्क वॉलबर्ग. मूळ कादंबरी स्टीफन हंटरची, १९९३ची.

⚠️ पुढे स्पॉयलर! घर सोडताना स्वॅगर आपल्या रायफलींच्या फायरिंग पिना बदलून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यातून गोळी झाडताच येऊ नये. पुरावा म्हणून जप्त केलेली रायफल तो शेवटी सगळ्यांसमोर रोखून चाप ओढतो. नुसताच खटका, गोळी नाही. सुटला गडी!

पाठलागपट आवडत असतील तर हा चुकवू नका. तुमचा आवडता कुठला?