मनोरा नसलेल्या विमानतळावरून

अमेरिकेत सर्वांसाठी खुले असलेले सुमारे ५,००० विमानतळ आहेत. त्यांपैकी नियंत्रण मनोरा आहे तो जेमतेम ५००च्या आसपास ठिकाणी. बाकी बहुतेक जागी एखाददुसरी धावपट्टी, हँगरची शेड, इंधन भरायची सोय आणि बस्स. आकाश निरभ्र असलं की छोट्या विमानाचा वैमानिक रेडिओवर आपला बेत सांगतो, आजूबाजूला नीट पाहतो आणि उडतो. ढग खाली उतरले की मात्र उपकरणांच्या भरवशावर उडावं लागतं आणि त्यासाठी नियंत्रकाचा क्लिअरन्स लागतो. नियंत्रक दूरच्या केंद्रात बसलेला. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो. जमिनीवरून बोललेलं टेकडीआड किंवा क्षितिजापलीकडे पोहोचेलच असं नाही. मग वैमानिक सरळ फोन लावतो.

कुठवर जायचं, कोणत्या मार्गाने, किती उंचीवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बोलायचं, ट्रान्सपॉन्डरवर कोणता चार आकडी कोड लावायचा, हे सगळं तो मांडीवरच्या कागदावर उतरवून घेतो आणि वाचून दाखवतो. गफलत होते ती इथे. मार्ग मिळाला म्हणजे निघायची मुभा मिळाली असं नव्हे. ती वेगळी मिळते आणि तीही घड्याळाला बांधलेली: अमुक वेळेच्या आत जमीन सोडली नाही तर क्लिअरन्स रद्द. १०:१० ही वेळ दिली असेल, तर ठीक १०:१०ला उडणाराही नियमाने उशिरा उडाला.

ही कडक शिस्त उगाच नाही. अशा विमानतळावर खाली असलेलं विमान रडारवर बहुधा दिसतच नाही. म्हणून नियंत्रक त्या एका विमानासाठी आसपासचं आकाश मोकळं ठेवतो आणि ढगांतून येऊ पाहणाऱ्या बाकीच्यांना थोपवून धरतो. वेळ टळल्यावर उडणाऱ्याला इतर विमानांपासून अंतर राखलं जाण्याची हमी उरत नाही. आणि वैमानिकाने ना उड्डाण केलं, ना ३० मिनिटांत कळवलं, तर विमान बेपत्ता धरून शोध सुरू होतो.

मार्ग आणि मुभा यांची सर्वांत भयंकर सरमिसळ २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर झाली. एकाच धावपट्टीचा हा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या बॉम्बस्फोटामुळे मोठी विमानं तिथे वळवलेली, त्यात दाट धुकं. केएलएम कंपनीच्या जंबोला मार्गाचा क्लिअरन्स मिळाला आणि त्यातच ‘टेक-ऑफ’ हा शब्द आला. कॅप्टनने उड्डाणासाठी विमान धावपट्टीवर पळवलं. ‘थांबा’ हे नियंत्रकाचं सांगणं आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ हे समोरच्या पॅन ॲमच्या विमानाचं सांगणं एकाच क्षणी हवेत गेलं. विमानांचा रेडिओ एएम पद्धतीचा असतो. दोघे एकदम बोलले की दोन लहरींच्या फरकाची शिट्टी ऐकू येते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टीत शब्द बुडाले. दोन्ही विमानं आदळली आणि ५८३ माणसं गेली. तेव्हापासून ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उडण्याची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरतात.

पण शिट्टी निदान कळते तरी. ऐकणाऱ्याला आपलं काही निसटलं हेच कळत नाही, तेव्हा खरा घात होतो. १९७०मध्ये रिचर्ड वॉरन या मानसशास्त्रज्ञाने ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दामधला ‘स’ कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्या २० जणांपैकी १९ जणांना शब्द पूर्ण ऐकू आला. उरलेल्या एकाने गळलेला आवाज चुकीचा सांगितला. मेंदू रिकामी जागा ठेवत नाही. वाक्याच्या संदर्भातून जे यायला हवं, ते तो स्वतःच भरतो.

१९ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी इलिनॉयमधल्या क्विन्सी इथे, मनोरा नसलेल्या विमानतळावर, १२ जणांचं बीचक्राफ्ट १९०० उतरत होतं. त्याच्या धावपट्टीला छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीच्या टोकाशी एक किंग एअर विमान उभं होतं आणि त्याच्या मागे छोटं चेरोकी. उतरणाऱ्यांनी रेडिओवर विचारलं, धावपट्टीच्या टोकाशी आहात ते थांबताय की उडताय? उत्तर आलं ते मागच्या चेरोकीचं, की मी थांबलोय. नेमकी त्याच वेळी बीचक्राफ्टच्या कॉकपिटमधल्या यंत्राने उंचीचा इशारा दिला, ‘टू हंड्रेड’. त्यात बोलणं तुटलं. कानावर राहिलं ते ‘थांबलोय’ आणि ‘किंग एअर’. हवं तेच उत्तर! उतरणाऱ्यांनी आभारही मानले, आणि त्यांचा गैरसमज कुणी दुरुस्त केला नाही. किंग एअर निघालं आणि दोन्ही विमानं धावपट्ट्यांच्या छेदावर आदळली. बीचक्राफ्टचा दरवाजा बाहेरून धावत आलेल्यांनाही उघडता आला नाही. दोन्ही विमानांतले मिळून १४ जण मृत्युमुखी पडले. मुख्य दोष किंग एअरच्या वैमानिकांच्या दुर्लक्षाचा ठरला, पण ते तुटलेलं वाक्यही तपास अहवालात अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत नोंदलं गेलं.

मोठ्या विमानतळांवर आता मार्गाचा क्लिअरन्स बऱ्याचदा अक्षरांत, पडद्यावर येतो. शंका आली तर पुन्हा वाचता येतो. मनोरा नसलेल्या धावपट्टीवर, एकट्याने विमान चालवणाऱ्याच्या वाट्याला मात्र अजून बहुधा फोनवरचा आवाज आणि मांडीवरचा कागदच येतो. माझ्या मते ही अक्षरं आधी तिथे पोहोचायला हवी होती.