डॉलरचे चार आणे

5 मे 1905 रोजी शिकागोत रॉबर्ट अॅबट यांनी 'शिकागो डिफेंडर' हे कृष्णवर्णीयांसाठीचं साप्ताहिक काढलं. भांडवल 25 सेंट, म्हणजे डॉलरचे चार आणे. पहिल्या अंकाच्या प्रती 300. पुढे कचेरी थाटली तीही त्यांच्या घरमालकिणीच्याच घरात.

1920 च्या सुमारास खप 2 लाख 30 हजार सांगितला जाई. मालकाने सांगितलेल्या खपातून थोडं वजा करावंच. 2 लाख धरले तरी साडेसहाशे पट झाले! त्यातल्या बहुतांश प्रती शिकागोबाहेर खपत, त्याही दक्षिणेकडच्या राज्यांत, जिथे हे पत्र हातात दिसलं तरी कृष्णवर्णीय माणसाच्या जिवाला घोर.

मग अंक पोचायचा कसा? आगगाडीने. पुलमन कंपनीच्या शयनयानांत प्रवाशांची अंथरुणं घालणारे, बूट चकाचक करणारे पोर्टर जवळपास सगळे कृष्णवर्णीय. गठ्ठे तेच लपवून नेत. जिथे स्टेशनावर उतरवणं धोक्याचं, तिथे गाव यायच्या आधीच रानात धावत्या गाडीतून गठ्ठा खाली. हे वितरण गाडीतल्या नोकरांनी करून दाखवलं.

1910 च्या जनगणनेत दहा वर्षांवरच्या कृष्णवर्णीयांत शंभरात तीस निरक्षर होते. त्यांचं काही अडलं नाही. न्हाव्याच्या दुकानात, चर्चमध्ये एकजण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. एका प्रतीमागे चारच माणसं धरली तरी आठ लाख होतात. देशातले कृष्णवर्णीय तेव्हा सुमारे 1 कोटी 5 लाख. म्हणजे तान्ही पोरं धरून दर तेरा जणांत एक!

आणि हे नुसतं वाचन नव्हतं. उत्तरेकडे या, इथे काम आहे, असं पत्र सांगत होतं. 15 मे 1917 ही निघायची तारीखसुद्धा त्याने जाहीर केली. 1910 मध्ये शिकागोत 44,103 कृष्णवर्णीय होते, 1920 मध्ये 1,09,458. सगळं श्रेय अॅबटना देण्यात अर्थ नाही. महायुद्धामुळे युरोपातून येणारे मजूर थांबले होते, कारखान्यांना माणसं हवी होती, दक्षिणेत बोंडातल्या किडीने कापूस खाल्ला होता. पण वाट दाखवली ती या पत्राने.

याच शहरात 1942 मध्ये जॉन जॉन्सन यांनी आईचं फर्निचर तारण ठेवून 500 डॉलर उभे केले. त्यातून पुढे कृष्णवर्णीयांसाठीची 'एबनी' हे मासिक आणि 'जेट' हे साप्ताहिक अशी दोन नियतकालिकं उभी राहिली.

जुलै 2019 मध्ये 'डिफेंडर'चा छापील अंक बंद झाला. आता ते फक्त ऑनलाइन निघतं. त्याच महिन्यात जॉन्सन यांच्या कंपनीचा 40 लाखांहून अधिक छायाचित्रांचा आणि निगेटिव्हजचा संग्रह चार धर्मादाय संस्थांनी मिळून 3 कोटी डॉलरला घेतला. 500 डॉलरच्या साठ हजार पट! पण कंपनीने दिवाळं काढलेलं होतं, त्यामुळे या संग्रहाचा लिलाव झाला तो धनकोंची देणी भागवायला.