सेवा केंद्रातला कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? मदरबोर्ड बदलण्याआधी हे तपासा

पीक विम्याची मुदत जवळ आली की सेवा केंद्रापुढे रांग लागते आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बंद पडतो. अर्धा भरलेला फॉर्म जातो, शेतकऱ्याचा दिवस वाया जातो. मग सीपीयू मोटारसायकलवर टाकून तालुक्याला न्यायचा आणि ‘मदरबोर्ड गेला’ ऐकून हजारो रुपये मोजायचे. पण हीच लक्षणं धूळ, ढिली रॅम किंवा कमजोर यूपीएसमुळेही दिसतात. म्हणून आधी तो कधी आणि कसा बंद पडतो, ते बघा.

सगळ्यात आधी कामाच्या फाइल पेनड्राइव्हवर घ्या. डबा उघडण्यापूर्वी बटण बंद करून वायर काढा आणि पॉवरचं बटण 10 सेकंद दाबून धरा.

शेतीपंप सुरू झाले की बंद पडतो: व्होल्टेज पडतं आणि यूपीएसची बॅटरी गेलेली असेल तर कॉम्प्युटर लगेच रिस्टार्ट होतो. यूपीएस चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करून बघा. कॉम्प्युटर त्याच क्षणी गेला, तर आधी बॅटरी तपासा.

15-20 मिनिटं चालून बंद होतो: प्रोसेसर तापतोय. पंखा फिरतो का बघा, ब्रशने धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. तरीही तापला तर प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्या.

निळी स्क्रीन येते किंवा नुसता बीप वाजतो: रॅम काढा, तिची पिवळी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा. विंडोजमधलं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ही चालवा.

फाइल उघडायला वेळ लागतो, मध्येच अडकतो: हार्डडिस्क जात असेल. आतून ‘कटकट’ आवाज येत असेल तर वापर थांबवा आणि आधी डेटा वाचवा.

रोज तारीख मागे जाते: मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपलाय. तारीख चुकली की सरकारी वेबसाइटही नीट उघडत नाहीत. हा सेल स्वस्तात मिळतो.

पॉवर सप्लायचा डबा मात्र घरी उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात करंट साठलेला असतो. मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर दिसले तरी ते काम मेकॅनिकचंच.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळत नाही. कॉम्प्युटर किती वाजता, काय करताना बंद पडला, ते वहीत लिहा. दुकानात जाताना ती वही सोबत न्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.