घोडा, ससा आणि पेशीतला खटका

महाड-पोलादपूरकडे भाताचे भारे किंवा फाटी उचलताना तांबडा विंचू चावला, की नुसत्या ठणक्यावर भागतंच असं नाही. दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, फुफ्फुसांत पाणी भरतं. 1976 मध्ये बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी असे मृत्यू पाहिले आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने कित्येक माणसं वाचवली.

गोळी मात्र विषाला हात लावत नाही. विषाने आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, एवढंच. विषालाच धरतं ते प्रतिविष, म्हणजे विष टोचलेल्या घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं. महाडच्या 70 रुग्णांवरचा बावसकरांचा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. नुसती गोळी घेतलेल्या 35 जणांपैकी दहा तासांत पूर्ण बरे झाले 8. गोळीसोबत प्रतिविष घेतलेल्या 35 पैकी 32!

रक्तातल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं विषच कसं सापडतं? प्रतिपिंडाच्या टोकाला एक खाच असते आणि तिच्यात ठरावीक आकारच बसतो. घोड्याला विंचू ठाऊक नसतो, आकार ठाऊक होतो.

प्रयोगशाळेत हीच पकड शोधाला लावतात. तिथे घोड्याऐवजी बहुधा ससा, आणि विषाऐवजी ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर: डीएनएवर बसून जनुक चालू-बंद करणारं प्रथिन, पेशीतला खटकाच म्हणा. ‘एनएफ-कप्पा-बी’ हा असा एक खटका. एरवी तो केंद्रकाबाहेर जखडलेला असतो. धोक्याची वर्दी आली की सुटून आत धावतो. सशाचं प्रतिपिंड त्याला धरतं, त्या प्रतिपिंडाला चमकता रंग लावलेलं दुसरं प्रतिपिंड धरतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बाहेरची चमक केंद्रकात गेलेली चक्क दिसते.

गंमत पुढेच आहे. 1986 मध्ये रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना हा खटका सापडला, तो प्रतिपिंडाच्याच ‘कप्पा’ साखळीच्या जनुकाशी! नावातला कप्पा तिथला.

अर्थात प्रतिपिंडही फसतं. मिळताजुळता आकार दिसला की भलत्यालाच धरतं. म्हणून चाणाक्ष संशोधक त्या खटक्याचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी आधी रंगवून पाहतो. त्याही चमकल्या, तर प्रतिपिंडाची ती महागडी कुपी या कामाला बाद.