गाणी, गाडी आणि एक रबरी वाटी

सुट्टीत गावाला जायला गाडीत बसलात, की पहिलं भांडण कशावरून होतं? खिडकीवरून! आणि दुसरं? कोणाचं गाणं लावायचं यावरून. खरं की नाही?

आमच्या गाडीतही असंच होतं. पण मागच्या मे महिन्यात एक गोष्ट अशी घडली, की त्या दिवसापासून आम्ही गाण्यावरून भांडणंच सोडलं. ती गोष्ट आधी ऐका.

ठाण्याचं लग्न आटोपून आम्ही नाशिकला परत येत होतो. भावोजी गाडी चालवत होते, शेजारी ताई, मागे मी आणि माझा सहावीतला भाचा. समोरच्या काचेला मोबाइलचा स्टँड चिकटवलेला. त्यात मोबाइल, मोबाइलला चार्जरची वायर आणि गाणी जोरात चालू. दुपारचे दोन वाजलेले. ऊन असं, की डॅशबोर्डला हात लावला तर चटका बसेल.

कसारा घाट चढायला लागलो. एका वळणावर 'टप्प' असा आवाज झाला. स्टँडची रबरी वाटी काचेवरून सुटली. स्टँड मोबाइलसकट डॅशबोर्डवर आपटला आणि तिथून थेट भावोजींच्या पायांशी! भावोजी तो उचलायला पटकन खाली वाकले.

"अहो, समोर बघा!" ताई किंचाळली.

समोरचा ट्रक चढावर अगदी हळू झाला होता. भावोजींनी करकचून ब्रेक दाबला. आमची गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. नशीब, मोबाइल ब्रेकच्या पेडलखाली अडकला नव्हता. अडकला असता तर? आजही तो विचार आला, की पोटात गोळा येतो.

पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. गाणं मात्र चालूच होतं!

मग भाच्याने हळूच विचारलं, "मावशी, वाटी का पडली गं?"

मी पडले शाळेतली बाई. उत्तर द्यायलाच हवं होतं. पण खरं सांगते, मला ते तेव्हा नीट येत नव्हतं. घरी आल्यावर मी आणि भाचा त्याच्या मागेच लागलो. जे कळलं, ते आज तुम्हांला सांगते.

वाटीला धरून कोण ठेवतं?

आपल्याला वाटतं, रबरी वाटी काचेला धरून बसते. तसं नाही बरं का! तिला काचेवर दाबून धरते ती बाहेरची हवा.

हवेला वजन असतं. समुद्रकाठी दर चौरस सेंटिमीटरवर हवा साधारण एक किलो वजनाएवढा दाब देते. वाटी काचेवर दाबली, की आतली हवा बाहेर निघून जाते. आता आत हवा जवळजवळ नाही, बाहेर मात्र भरपूर. मग बाहेरची हवा वाटीला काचेवर दाबून धरते.

आता गणित करू. वाटी ६ सेंटिमीटर व्यासाची आहे. म्हणजे त्रिज्या ३. क्षेत्रफळ किती? ३.१४ गुणिले ३ गुणिले ३, म्हणजे सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. आत हवा अजिबात उरली नाही, तर त्या एवढ्याशा वाटीवर जवळजवळ २८ किलोचा दाब! सतराव्या शतकात जर्मनीतल्या ओटो फॉन गेरिक या माणसाने धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांवर ठेवून आतली हवा पंपाने काढली होती. ते अर्धगोल सोळा घोड्यांनाही सहजासहजी ओढून वेगळे करता आले नाहीत.

मग आमचा पावशेराचा मोबाइल का पडला?

गुन्हेगार एक नव्हता, तिघे होते. पहिला गुन्हेगार धूळ. काचेवर धुळीचा कण असला, की वाटीची कड तिथे टेकत नाही. त्या फटीतून हवा हळूहळू आत शिरते. दुसरा गुन्हेगार ऊन. आत उरलेली थोडी हवा तापली, की पसरते आणि वाटीला बाहेर ढकलते. शिवाय सतत उन्हात राहून रबर कडक होतं, त्याची कड वाकडी होते. आणि तिसरा गुन्हेगार तुम्ही ओळखलाच असेल. घाट! ठाणं समुद्राच्या पातळीजवळ, तर इगतपुरी सुमारे ६०० मीटर उंचीवर. जसजसं वर चढावं, तसतशी बाहेरची हवा विरळ होते. शंभरातले सहा-सात भाग दाब कमी होतो. घाटाचा वाटा लहान, पण आधीच सैल झालेल्या वाटीला तेवढंही पुरलं असणार.

उपाय अगदी सोपे आहेत. काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची. वाटी पाण्याने धुवायची. चिकटवल्यावर स्टँड दोनदा ओढून बघायचा. आणि हे सगळं गाडी निघायच्या आधी! एसीच्या जाळीला अडकवायचे चिमट्याचे स्टँडही मिळतात. भावोजींनी आता तसलाच घेतलाय. पण स्टँड कुठलाही असो, तो चालवणाऱ्याच्या नजरेच्या आड येता कामा नये. आणि जिथे एअरबॅग असते तिथे तर मुळीच नको. अपघातात एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते. तिच्यासमोर ठेवलेली वस्तू गोळीसारखी अंगावर येईल.

बाबांच्या वेळची गंमत

तुम्हांला वाटेल, ही कटकट मोबाइलमुळे आली. छे! गाडीत गाणी ऐकायची हौस फार जुनी आहे. अमेरिकेत पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी १९३० साली गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला. त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. १९६३ साली फिलिप्स कंपनीची छोटी कॅसेट आली. मग १ जुलै १९७९ रोजी जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन विकायला काढला. गाणी आता खिशात आली. २००१ साली ॲपलचा आयपॉड आला. त्या डबीत सुमारे हजार गाणी मावत!

मी लहान असताना आमच्या बाबांच्या जीपमध्ये टेप होता. प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेट लागायच्या. फीत अडकली, की पेन्सिल घालून ती गुंडाळायचं काम माझं.

पण ज्यांच्याकडे वॉकमन किंवा आयपॉड होता, त्यांच्यापुढे तीन प्रश्न असत. ही डबी गाडीत ठेवायची कुठे? तिला वीज द्यायची कशी? आणि तिचा आवाज गाडीच्या स्पीकरपर्यंत न्यायचा कसा? पहिल्याचं उत्तर आपण पाहिलं. आता राहिले दोन.

बारा व्होल्टचे पाच व्होल्ट

गाडीत एक गोल भोक असतं, पाहिलंय? ते मुळात सिगारेट पेटवायच्या लायटरसाठी होतं. आता लायटर गेला, भोक राहिलं. तिथेच आपण चार्जर लावतो.

कारची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असलं, की साधारण १४ व्होल्ट. ट्रकमध्ये तर २४. साध्या यूएसबीला मात्र हवेत ५ व्होल्ट. जुन्या वॉकमनला दोन पेन्सिल सेल पुरत, म्हणजे ३ व्होल्ट. मग १४ चे ५ कसे करायचे?

समजा, नळाला फार जोराचं पाणी येतंय आणि तुम्हांला हवी आहे बारीक धार. तुम्ही नळ भराभर चालू-बंद, चालू-बंद केलात आणि ते पाणी एका बादलीत घेतलंत. बादलीला खाली छोटी तोटी असली, तर तिच्यातून सारखी, शांत धार येईल. चार्जर अगदी हेच करतो. तो वीज एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद करतो. आतली तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर बादलीचं काम करतात.

स्वस्तातल्या चार्जरमध्ये ही 'बादली' लहान असते. मग त्या चालू-बंदचा त्रास रेडिओला होतो आणि खरखर येते. कधीकधी वायरने गाणी ऐकताना 'ऊंऽऽ' असा आवाज येतो आणि गाडीचा वेग वाढला, की तोही चढतो. तसं झालं, तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला, तर चोर सापडला!

आणखी एक. काही गाड्यांत किल्ली काढली तरी त्या भोकातली वीज चालूच राहते. चार्जर रात्रभर तसाच राहिला, की गाडीची बॅटरी उतरू शकते. आणि उन्हात उभ्या गाडीत मोबाइल कधीच सोडू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४० अंश असतात, तेव्हा बंद गाडीत ते ६० च्या घरात जातात. मोबाइलच्या बॅटरीला ते सोसत नाही.

आवाजाची वाट

तिसरा प्रश्न माझ्या सगळ्यात आवडीचा. १९८० नंतरच्या काळात कोणीतरी डोकं लढवून एक खोटी कॅसेट बनवली. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही! तिच्यातून एक वायर निघायची, ती वॉकमनला जोडायची. खोट्या कॅसेटमधला छोटा चुंबकीय भाग टेपच्या वाचणाऱ्या भागासमोर यायचा. बिचाऱ्या टेपला वाटायचं, खरीच फीत फिरतेय!

नंतर एफएम ट्रान्समीटर आला. ही डबी त्याच गोल भोकात लावतात. ती म्हणजे तुमच्या गाडीपुरतं छोटं आकाशवाणी केंद्रच. रेडिओ तिच्या नंबरावर लावला, की तुमचीच गाणी ऐकू येतात. घाटात डोंगराआड रेडिओ खरखरतो, तिथेही हे केंद्र चालतं, कारण ते गाडीतच आहे! फक्त नंबर रिकामा हवा. नाशिकमध्ये १०१.४ वर लावायला गेलात, तर तिथे नाशिक आकाशवाणी आधीच बसलेली आहे.

मग साधी वायर आली आणि आता ब्लूटूथ. हे नाव हॅराल्ड ब्लूटूथ या दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचं आहे, बरं का! त्याने वेगवेगळ्या लोकांना एकत्र आणलं, म्हणून वेगवेगळ्या यंत्रांना जोडणाऱ्या या युक्तीला त्याचं नाव.

गाणेमंत्री कोण?

आता कामाचं बोलू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून जास्त पुढे जाते. गाणं बदलायला चालवणाऱ्याने फक्त दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं, तर गाडी ३३ मीटर गेली. म्हणजे कबड्डीची अडीच मैदानं, डोळे मिटून! हातात मोबाइल धरून गाडी चालवणं तर कायद्यानेही गुन्हा आहे. २०२० सालच्या नियमाप्रमाणे रस्ता पाहण्यासाठी मोबाइल वापरता येतो, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशाच रीतीने.

म्हणून आम्ही त्या दिवसापासून गाडीत एक मंत्रिपद काढलं. गाणेमंत्री! तो मागच्या सीटवर पट्टा बांधून बसतो. गाण्यांची यादी आदल्या रात्री घरीच बनवतो, त्यात प्रत्येकाची दोन-दोन गाणी. निघण्याआधी तो स्टँड ओढून बघतो, वायर गिअरच्या मध्ये येत नाही ना, ते पाहतो. आणि त्याला एक मोठा अधिकार आहे. भावोजींचा हात मोबाइलकडे गेला, की त्याने म्हणायचं, "बाबा, समोर बघा!" मग भावोजींनी मुकाट्याने ऐकायचं. रागवायचं नाही. तसं ठरलंच आहे.

आणि गाडी चालू असताना काही खाली पडलं, तर? ते सोन्याचं असलं तरी पडू द्यायचं. गाडी बाजूला थांबली, की मग उचलायचं.

करून बघा

स्वयंपाकघरात टॉवेल अडकवायचे रबरी वाटीचे दोन हुक मिळतात, ते घ्या. गुळगुळीत फरशीच्या भिंतीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. एकाखालची फरशी स्वच्छ पुसा. दुसऱ्याखाली बोटाने थोडी पावडर लावा. दोन्हींना एक-एक लिटर पाण्याची बाटली दोरीने अडकवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाय लांब ठेवा! कोणता हुक किती मिनिटं टिकला, ते वहीत लिहा. मग तोच हुक खरबरीत भिंतीवर लावून बघा. का चिकटत नाही, ते आता मी सांगायला नको.

आणि पुढच्या वेळी गाडीत बसाल, तेव्हा खिडकी हवी म्हणून भांडण्याआधी आईबाबांना एवढंच विचारा, "गाणेमंत्री कोण?" कोणी पुढे आलं नाही, तर ते पद तुमचंच!