जाड हृदय, रुंद महाधमनी

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. नाव घशात अडकतं, म्हणून डॉक्टर नुसतं ‘एचसीएम’ म्हणतात. आजार मात्र वाटतो तेवढा दुर्मीळ नाही: साधारण ५०० माणसांत एकाला. हृदयाची भिंत एरवी सेंटिमीटरभर जाड, इथे १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. तेही रक्तदाबासारखं कारण नसताना!

१९५८ साली लंडनच्या डोनाल्ड टीअर यांनी अशा आठ हृदयांचं वर्णन छापलं. त्यातले बहुतेक जण तरुणपणी, अचानक गेलेले. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं शवविच्छेदन १९७० मध्ये केलं तेही याच टीअरसाहेबांनी.

आता एक बिनखर्चाची तपासणी. कप्प्यांमधला पडदा जाड झाला, की महाधमनीच्या तोंडाशी वाट अरुंद होते आणि स्टेथोस्कोपमध्ये खरखर ऐकू येते. पेशंट उकिडवा बसला की ती दबते, उठून उभा राहिला की वाढते. कारण उभं राहताच हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, कप्पा आकसतो, वाट आणखी आवळते. आपल्याकडे पेशंटला उकिडवं बसायला शिकवावं लागत नाही. कमोडच्या जमान्यात हे सुख किती टिकतं बघू.

महाधमनी मुळाशी असते साधारण ३ ते ३.५ सेंटिमीटर रुंद. एचसीएमच्या काही पेशंटमध्ये ती ४ च्या पुढे गेलेली सापडते. कोडं असं, की एचसीएममधला दोष हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनांचा. महाधमनीच्या भिंतीशी त्याचा थेट संबंध नाही. (मार्फान सिंड्रोम या दुसऱ्या आजारात तो थेट भिंतीच्या धाग्यांतच असतो.) मग ती रुंदावते कशाने? वय आणि रक्तदाब हे नेहमीचे संशयित आहेतच, पण निकाल अजून लागलेला नाही.

नळी जितकी रुंद, तितका भिंतीवर ताण जास्त. ताण वाढला की ती आणखी रुंदावते, शेवटी फाटूही शकते. म्हणून ५.५ सेंटिमीटरच्या आसपास सर्जन ऑपरेशनचा विषय काढतात, मार्फानमध्ये ५ लाच. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये सकाळी शौचाला गेला आणि तिथेच कोसळला. शवविच्छेदनात महाधमनी फाटलेली निघाली.

मेन कून जातीच्या मांजरांनाही एचसीएम होतो. त्यांच्यात बिघडणारा एक जीन माणसातही बिघडतो. त्याच जीनमधली डीएनएची २५ अक्षरं दक्षिण आशियातल्या १०० पैकी सुमारे ४ जणांत गळालेली असतात, हे २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनातून पुढे आलं. घाबरू नका, त्या सगळ्यांनाच आजार होत नाही.

घरात कुणाला एचसीएम असेल, तर त्यांच्या आईवडिलांचा, भावंडांचा, मुलांचा ईसीजी आणि इको करून घ्या. सदोष जीन मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. इकोच्या रिपोर्टमध्ये ‘एओर्टिक रूट’चा, म्हणजे महाधमनीच्या मुळाचा, आकडा असतो, तोही डॉक्टरांना विचारा.